मालक 78 लाख म्हणतोय; घर तेवढ्याचं आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यात परिचारिका म्हणून नोकरी करणाऱ्या एका ताईंना मुलांच्या शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला घर घ्यायचं आहे. सातारा-देवळाई परिसरात त्यांनी एक रो-हाऊस पाहिलं. प्लॉट 1,100 चौरस फूट, खाली-वर मिळून बांधकाम 1,450 चौरस फूट, वय 14 वर्षं, शिवाय गच्चीवर मागाहून काढलेली एक खोली. मालक 78 लाख मागतो. एजंट सांगतो, "शेजारचं 80 ला गेलं, दोन दिवसांत इसार द्या, नाहीतर हातचं जाईल." हा भाव रास्त आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

ताई, सगळ्यात आधी इसार थांबवा. मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि बँकांसाठी घरांची मूल्यांकनं करणं हे माझं काम. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत घरं पाहिली, त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. मालकाने मागितलेली किंमत म्हणजे त्याची इच्छा. ती पुरावा होत नाही. पुरावा म्हणजे झालेला आणि नोंदवलेला व्यवहार. "एरियात असाच रेट चालू आहे" हे वाक्य तुम्हाला दहा जण ऐकवतील, पण त्यातले बहुतेक जण एकमेकांच्या मागणीचाच आकडा पुढे सांगत असतात.

म्हणून घराचे दोन तुकडे करा: जागा आणि बांधकाम. जागेचा भाव वर्षागणिक बहुधा वाढतो, बांधकामाचा दरवर्षी घटतो. मालक दोन्ही एकत्र करून एकच आकडा सांगतो. वर मॉड्युलर किचन, पीओपी आणि नव्या फरशीला घातलेले पैसेही त्यात धरतो. ते त्याने स्वतःच्या हौसेला घातलेले आहेत. तुमच्या मुलांना ती फरशी आवडेल न आवडेल, पण जुन्या घराच्या किमतीत ती पूर्ण वसूल होत नाही.

जागेपासून सुरुवात करू, कारण तुमच्या घराची निम्म्याहून जास्त किंमत तिथेच आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी फुकट मिळतात. एक, वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, ज्याला सगळे रेडीरेकनर म्हणतात. दुसरी, ई-सर्चमधून सूची क्रमांक 2, म्हणजे इंडेक्स टू. रेकनरचा दर चौरस मीटरला असतो, त्याला 10.764 ने भागलं की चौरस फुटाचा दर येतो. हा दर मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी ठरवलेला आहे. प्रत्यक्ष बाजार त्याच्या वर असेल किंवा खाली. नव्याने वाढलेल्या वस्त्यांत मला तो बाजाराच्या मागे राहिलेला दिसतो. जुन्या गावठाणात, जिथे गाडी आत जात नाही अशा बोळात, तो कधीकधी खऱ्या भावापेक्षा जास्त भरतो. रेकनर म्हणजे भाव असं समजू नका, आणि भावाचा रेकनरशी संबंधच नाही असंही समजू नका. रेकनरचं मूल्य नोंदवलेल्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त निघालं तर त्या फरकावर आयकर खरेदीदारालाही विचारतो आणि विकणाऱ्यालाही.

खरं काम इंडेक्स टूवर आहे. तुमच्या गट नंबरातले आणि लगतच्या गटांतले गेल्या दोन वर्षांचे व्यवहार काढा. प्रत्येक दस्तात मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे दिसतील. मोबदला म्हणजे दोघांनी लिहिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेकनरने आलेली. जिथे हे दोन्ही आकडे जवळजवळ तंतोतंत जुळतात, तिथे सावध राहा. बऱ्याचदा तो दस्त रेकनर पाहूनच लिहिलेला असतो आणि उरलेली रक्कम रोखीत गेलेली असते. असे दस्त बाजूला ठेवा. भावाभावातली खरेदी, बक्षीसपत्र, हक्कसोड, वाटणीतून झालेले व्यवहार हेही काढून टाका, त्यांत बाजार नसतो. सगळ्यात भरवशाचे व्यवहार कर्ज काढून घेतलेल्या घरांचे. खरेदीदाराला जास्त कर्ज हवं असतं, त्यामुळे तो मोबदला कमी लिहू देत नाही. त्याच मिळकतीवर गहाणाची नोंद सापडली तर कर्जाची रक्कमही कळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्के आणि त्यावरच्या कर्जाला 75 टक्के ही मर्यादा आहे. म्हणजे एखाद्या घरावर 48 लाखांचं गृहकर्ज दिसलं, तर बँकेने ते निदान 60 लाखांचं धरलं असणार. एजंटच्या बोलण्यापेक्षा ही माहिती कितीतरी पक्की.

"शेजारचं 80 ला गेलं" हेही असंच तपासा. शेजाऱ्याचा प्लॉट नंबर घ्या आणि दस्त शोधा. दस्तच नसेल तर ते अजून गेलेलं नाही. दस्त सापडला तर पुढचा प्रश्न विचारा: ते घर तुमच्या घरासारखं आहे का? कोपऱ्याचा प्लॉट, 12 मीटरचा रस्ता, जास्त रुंदीचा दर्शनी भाग, पूर्वमुखी दार यांना आपल्याकडे खरोखर जास्त पैसे मिळतात. दिशांना तिरका बसलेला विदिशा प्लॉट, मागे निमुळता होत गेलेला वाघमुखी प्लॉट, समोर डीपी किंवा नाला असलेला प्लॉट यांना कमी मिळतात. वास्तूवर तुमचा विश्वास असो नसो, पुढे विकताना समोरच्याचा असतो, म्हणून मूल्यांकनात तो धरावाच लागतो. एक-दोन व्यवहारांवर भरवसा ठेवू नका. चार-पाच जमवा, प्रत्येकात काय चांगलं आणि काय उणं ते लिहा, आणि त्यावरून तुमच्या प्लॉटचा दर ठरवा.

आता बांधकाम. आज तसंच घर नव्याने बांधायला चौरस फुटाला किती लागतील, हे त्या भागातल्या दोन ठेकेदारांना विचारा. आलेल्या रकमेतून वयाची घट वजा करा. आरसीसी घराचं आयुष्य साधारण 60 वर्षं आणि शेवटी 10 टक्के मूल्य उरतं असं धरून मी घट काढतो. तुमच्या घरासाठी हिशोब करून दाखवतो. दर समजण्यापुरते धरलेत, तुमच्या गल्लीचे तुम्ही काढायचे. समजा व्यवहारांवरून जागेचा दर 3,600 रुपये ठरला: 1,100 चौरस फुटांचे 39.60 लाख. नवं बांधकाम 1,800 रुपयांनी: 1,450 चौरस फुटांचे 26.10 लाख. 14 वर्षांची घट 21 टक्के, म्हणून बांधकामाचे उरले साधारण 20.60 लाख. दोन्ही मिळून 60.20 लाख. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ओल धरलेल्या भिंती, जुनी प्लंबिंग यांचा खर्च अडीच लाख निघाला तर हातात येतात 57.70 लाख. एकच आकडा धरून बसू नका, 56 ते 61 लाख असा पट्टा धरा. 78 लाखांचं समर्थन व्हायचं असेल तर जागेचा दर 5,400 च्या पुढे लागतो. तेवढ्याला त्या गल्लीत प्लॉट गेल्याचे दस्त सापडले तर मालक खरा. नाही सापडले तर त्याला हे गणित कागदावर दाखवा.

गच्चीवरची ती खोली मी यात धरलेली नाही, आणि तुम्हीही धरू नका. मंजूर नकाशात ती नसेल तर बँकेच्या हिशोबात तिची किंमत शून्य. तुमच्या घराबाबत हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा आहे. ते बांधलं गेलं तेव्हा सातारा-देवळाईत ग्रामपंचायत होती, महापालिकेच्या हद्दीत हा भाग नंतर आला. त्या काळातली बरीच घरं ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभी आहेत. अकृषिक आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे चारही कागद वेगवेगळे मागा. "नमुना 8 आहे ना" असं उत्तर आलं तर ते पुरेसं नाही. नमुना 8 ही कराची नोंद आहे, त्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि परवानगीही.

कागदांचा किमतीशी थेट संबंध आहे, म्हणून इथे जरा थांबतो. गुंठेवारीतलं, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरचं घर असेल तर ते नियमित झालंय का पाहा. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 2021 ला दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना नियमितीकरणाची वाट मिळाली. नियमितीकरण न झालेल्या घरावर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. म्हणजे घेणारा फक्त रोकडवाला, घेणारे कमी, म्हणून भाव कमी. मालकाने मात्र किंमत नियमित घराचीच सांगितलेली असते. अशा ठिकाणी नियमितीकरणाचा पूर्ण खर्च आणि वर जोखमीचा भाग वजा करा. नोटरी केलेल्या बाँडवर घेतलेल्या प्लॉटची तर मी किंमतच काढत नाही. नोंदणीकृत खरेदीखत नाही तिथे मालकीच नाही. सिडकोच्या जुन्या वसाहतींमधली घरं मुळात भाडेपट्ट्याची आहेत. तिथे हस्तांतराची परवानगी आणि शुल्क कोण भरणार, हे भाव ठरवण्याआधी विचारा.

आणि हे खास आपल्या भागासाठी. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्याकडे इनामी जमिनींचा गुंता पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे. खिदमतमाश (सेवेसाठी दिलेल्या), मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या), देवस्थान, वक्फ अशा जमिनींवर चांगल्या वसाहती उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं लिहिलंय का पाहा. शिवाय वकिलांना 1954-55 चं खासरा पत्रक काढायला सांगा, जमिनीचं मूळ तिथे दिसतं. 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घेताना बरेच जण हे पत्रक सोडून देतात. जमीन इनामी निघाली आणि परवानगी-नजराण्याचा प्रश्न बाकी असेल, तर कितीही स्वस्त मिळालं तरी माझा सल्ला स्पष्ट आहे: ते घर सोडा.

आता प्रत्यक्ष घराकडे. पुन्हा एकदा जा, एजंटशिवाय आणि दिवसाउजेडी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर घर दरवर्षी थोडंथोडं हलतं. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या निघालेल्या भेगा, जोत्याभोवतीच्या कोब्याला भिंतीपासून पडलेली फट, झुकलेली कंपाउंड वॉल, पावसाळ्यात अडणारी दारं ही त्याची लक्षणं. नुसत्या प्लास्टरच्या केसासारख्या भेगांना घाबरू नका. तिरकी भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका, पायाची दुरुस्ती लाखांत जाते. नवीन रंगाने भेगा झाकल्या जातात, म्हणून कपाटामागची भिंत, जिन्याखालची जागा आणि घराची मागची बाजू पाहा. "मुरूम किती फुटांवर लागला?" हा प्रश्न मालकापेक्षा शेजारी बांधकाम करणाऱ्या मिस्त्रीला विचारा. डोंगराच्या पायथ्याला मुरूम लवकर लागतो, नाल्याकडे उतरलं की काळी माती खोल जाते. परभणी-नांदेडकडे गोदाकाठच्या पट्ट्यात घर घेणाऱ्यांनी तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. नांदेडला त्याच्या जोडीला निळी आणि लाल पूररेषाही पाहावी.

जुनं दगड-मातीचं किंवा माळवदाचं घर कुणी घेत असेल तर त्याच्या बांधकामाला मी जवळपास किंमत लावत नाही, फक्त जागेला लावतो. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनीच सगळ्यात जास्त माणसं नेली. लातूर-धाराशिवकडे घर पाहताना ते विसरून चालत नाही.

पाण्याचं काय, हे विचारल्याशिवाय आपल्याकडे घराची किंमत ठरूच शकत नाही. संभाजीनगरचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं. धरण भरलेलं असलं तरी तुमच्या गल्लीत नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ चालतो आणि दाब वरच्या टाकीपर्यंत पोचतो का, हे वेगळे प्रश्न आहेत. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा ज्यांच्या घरी चालू बोअर होता त्यांनाच त्याचं मोल कळलं. शेजारच्या बायकांना विचारा, त्या खरं सांगतात: मे महिन्यात टँकर लागतो का, बोअर कधी आटतो, पाणी खारं आहे का. समजा वर्षातले पाच महिने टँकरला दरमहा 3,000 रुपये जात असतील तर वर्षाचे 15,000, दहा वर्षांचे दीड लाख. हा आकडा किमतीतून वजा करायचा आहे. उलट चालू बोअर, मोठी जमिनीखालची टाकी आणि छताचं पाणी बोअरमध्ये सोडण्याची सोय असेल तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही.

एजंट भविष्याबद्दल बोलेल: शेंद्रा-बिडकीनचं ऑरिक औद्योगिक शहर, समृद्धी महामार्ग, येणाऱ्या कंपन्या. हे खोटं नाही. समृद्धी जून 2025 मध्ये मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण खुला झाला आणि शहराचा विस्तार डोळ्यांसमोर चालू आहे. पण ही बातमी मालकालाही ठाऊक आहे, प्लॉटच्या आजच्या दरात ती आधीच मिसळलेली आहे. इंडेक्स टूमधून काढलेला दर तिच्यासकटच आला. त्यावर पुन्हा "भविष्य" म्हणून दहा लाख द्यायचं कारण नाही.

भाड्याचीही एक चाचणी करून पाहा. तसंच घर त्या गल्लीत महिना 12,000 ने जात असेल तर वर्षाचे 1.44 लाख. 60 लाखांवर ते 2.4 टक्के पडतात, 78 लाखांवर 1.85. आपल्या शहरांत दोन ते तीन टक्क्यांच्या दरम्यान सापडतं असा माझा अनुभव. दोनच्या खाली गेलं तर किंमत ताणलेली आहे, असं समजून कारण शोधा.

फ्लॅट पाहणार असाल तर जागा-बांधकामाचं हे गणित तसंच लागू पडत नाही. तिथे प्रत्येक फ्लॅटचा दर रेरा कायद्याच्या व्याख्येतल्या कार्पेट क्षेत्रावर (फ्लॅटच्या आतल्या वापरायच्या जागेवर) काढा आणि त्याच इमारतीतल्या फ्लॅटांच्या दस्तांशी ताडा. जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरलेल्या सुपर बिल्टअपच्या दरावर दोन इमारतींची तुलना होत नाही.

वरचा खर्चही विसरू नका. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून साधारण 6 टक्के, शिवाय नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 च्या वर नाही. घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर महिला म्हणून 1 टक्का सवलत मिळते. 60 लाखांच्या घरावर ते 60,000 होतात. सवलतीसाठी का होईना, पण घर तुमच्या नावावर व्हावं असं मला मनापासून वाटतं. हे शुल्क साधारणपणे कर्जात बसत नाही, ते खिशातून लागतं.

बोलणी करताना 52-53 पासून सुरुवात करा आणि आकड्यासोबत दस्तांचे उतारे समोर ठेवा. "एवढं कमी नाही होणार" असं म्हणणाऱ्या मालकाला त्याच्या बाजूचा एखादा दस्त दाखवायला सांगा, मनापासून सांगा, कारण कदाचित त्याच्याकडे असेलही आणि मग तुमचा पट्टा वर सरकवावा लागेल. घर किती दिवसांपासून विक्रीला आहे तेही काढा. सहा महिने पडून असलेल्या घराचा मालक आणि कालच जाहिरात दिलेला मालक सारखं बोलत नाहीत. पन्नास टक्के रोखीत द्या असा आग्रह झाला तर नकार द्या. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, तेवढ्या रकमेवर कर्जही मिळत नाही, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा नफा कागदावर फुगून कर तुमच्या माथी बसतो.

भाव जमला की इसार छोटा ठेवा, तोही बँकेतून. इसारपावतीत वकिलांना दोन अटी घालायला सांगा: मालकी हक्क निर्वेध नसल्यास इसार परत, आणि बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आल्यास किंमत पुन्हा ठरेल किंवा इसार परत. बँक ठरलेली किंमत आणि तिच्या मूल्यांकनकाराचा आकडा यांतल्या कमी आकड्यावर कर्ज देते. सौदा 70 ला झाला आणि मूल्यांकन 58 आलं तर 80 टक्क्यांनी कर्ज 46.40 लाख मिळेल, उरलेले 23.60 लाख आणि वर मुद्रांक शुल्क तुम्हालाच उभं करावं लागेल. मालक दुसरी अट मान्य करत नसेल तर साठेखताआधी स्वतः एखाद्या नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून अहवाल करून घ्या. त्याची फी काही हजारांत असते.